बिडी सुटली आणि हिरड्यांतून रक्त सुरू झालं

अप्पा बळवंत चौकाजवळ माझं बाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी पाडव्याला बिडी सोडली, आणि पंधरा-वीस दिवसांनी सकाळी चूळ भरली तर बेसिन लाल. ओढत होतो तेव्हा थेंबभर रक्त नाही आणि सोडल्यावर हे! बायको म्हणाली, "परत सुरू करायला निमित्तच हवं होतं ना तुम्हाला?"

खरा प्रकार उलटा निघाला. ओढणाऱ्याच्या हिरडीत सूज असली तरी रक्त कमी येतं, कारण धुरामुळे तिथला रक्तपुरवठा मंदावतो. बिडी सुटली की तो सुधारतो आणि झाकलेलं दुखणं उघडं पडतं. तेव्हा ओढणाऱ्यांनी "मला कुठे रक्त येतं" या भरवशावर राहू नये. बाकीच्यांनीही ब्रशवर रक्त दिसलं म्हणून तेवढी जागा घासायची सोडू नये. मी तेच केलं आणि दुखणं वाढवलं.

आधी घरीच बघा. आरसा घेऊन खिडकीपाशी उभं राहा, बाथरूमच्या दिव्यात काही कळत नाही. खालचा ओठ ओढून दोन दातांमधली हिरडी बघा. ती टोकदार आणि घट्ट हवी. फुगून गोल, चकचकीत झाली असेल तर सूज आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात, म्हणून रंगापेक्षा आकार बघा. मग खालच्या पुढच्या दातांच्या आतून जीभ फिरवा. खरखर लागली तर ते कीटण. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात, लाळेतल्या क्षारांनी दातावरचा मऊ थर दगडासारखा होतो आणि मग ब्रशला दाद देत नाही. दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, घास नव्या फटीत अडकतो का, तेही बघा. तोंडाला वास येतो का, हे मात्र घरच्यांना विचारा. आपला आपल्याला येत नाही. दुखण्याची वाट बघू नका, हा आजार बहुधा दुखतच नाही.

मी आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथं दहा मिनिटांत दात चकचकीत करून दिले, मोजलं काहीच नाही. पुढे एका डेंटल कॉलेजच्या रुग्णालयात गेलो. तिथं शिकाऊ डॉक्टर असतात, वेळ लागतो, पण मागे शिक्षक उभे असतात आणि खर्च कमी. तिथल्या एका शिकाऊ मुलीने मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये हलकेच घातली आणि आकडे सांगू लागली, दुसरी लिहून घेत होती: "तीन, दोन, तीन... पाच, चार, पाच... सात." आयुष्यभर मिलिमीटरात कागद कापलाय मी. सात ऐकल्यावर पोटात गोळा आला. तीनपर्यंत ठीक. चार किंवा जास्त भरलं की खिसा झाला म्हणतात, तिथं ब्रशचे केस पोचत नाहीत. एक्स-रेत दाढेच्या मुळाभोवतीचं हाड खाली उतरलेलं दिसलं. जुजबंदी, म्हणजे पानांची शिवण, सुटलेलं पुस्तक असंच असतं. पुठ्ठा शाबूत, पण उघडलं की फॉर्म, म्हणजे पानांचा अख्खा जुडगा, हातात येतो.

म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न विचाराच: माझे आकडे किती, आणि हाड किती उतरलंय? नुसती हिरडी सुजली असेल तर ती पूर्ण बरी होते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये बारा निरोगी माणसांनी दात घासणं मुद्दाम बंद केलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासायला लागल्यावर आठ-दहा दिवसांत पूर्ववत झाल्या. पण हाड गेलं, म्हणजे आपण पायोरिया म्हणतो ते झालं, की ते आपोआप भरून येत नाही. आहे ते टिकवायचं.

"दात साफ केले की हलतात," असं दुकानात येणारा प्रत्येक जण मला सांगून गेला. हलत ते आधीपासूनच असतात, कीटणाने त्यांना एकमेकांना चिकटवून धरलेलं असतं. चार-आठ दिवस थंड पाणी झोंबलं, एवढंच.

साखर असेल तर हे दुर्लक्षू नका. साखर वाढली की हिरडी बिघडते, आणि हिरडीतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. माझ्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ८.१ होती, हिरडीखालच्या खिशांची खोल सफाई केल्यावर ७.६ आली. त्यात संध्याकाळच्या चालण्याचाही वाटा असणार, कारण नुसत्या हिरड्यांच्या उपचाराने सरासरी ०.४ च्या आसपास उतार पडतो, असं अभ्यासांत दिसलंय. हृदयविकाराशीही संबंध आढळतो, पण हिरड्यांमुळेच झटका येतो असं सिद्ध झालेलं नाही. कोणी तशी भीती घालून महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर उठून या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सफाईआधी सांगा. अ‍ॅम्लोडिपीनसारख्या बीपीच्या गोळीनेही काहींची हिरडी वाढते. अशी गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

ब्रश मऊ घ्या. केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवा, अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर, आणि जागच्या जागी हलकेच थरथरवा. मग शेजारच्या दोन दातांवर जा. करवत चालवू नका. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं, आणि रात्रीचं चुकवायचं नाही. फटी मोठ्या असतील तर दातांमध्ये घालायचा छोटा ब्रश मिळतो, मेडिकलवाल्याला नुसतं "बाटली धुवायच्या ब्रशसारखा, पण इवलासा" म्हटलं तरी कळतं. मिश्री मात्र नको. आमची आई जन्मभर लावायची. ती जळलेली तंबाखूच, औषध नव्हे.

खालचा एक दात अजून किंचित हलतो. दर तीन महिन्यांनी बोलावलंय. ती तारीख बायकोने कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली आहे, लाल पेनाने.