बर्गनहून फ्लोमला कसं जायचं? रेल्वे, बस, बोट की गाडी

मे महिना लागला की नॉर्वेतल्या आमच्या बर्गनच्या घरी पाहुण्यांचा राबता सुरू होतो. कुणी मुंबईहून, कुणी पुण्याहून, एकदा तर थेट लातूरहून. पहिल्या चहालाच प्रश्न येतो, "ते फ्लाम का काय ते, तिथे कसं जायचं गं?" तर आधी उच्चार. रोमन लिपीत लिहिताना त्या नावातल्या 'ए'च्या डोक्यावर एक बारीक वर्तुळ असतं, म्हणून इथले लोक 'फ्लोम'च्या जवळ जाणारा उच्चार करतात. 'फ्लाम' म्हटलंत तरी तिकीट मिळतं, घाबरू नका.

फ्लोम म्हणजे ऑर्लांड फ्योर्डच्या टोकाला वसलेलं जेमतेम काहीशे वस्तीचं गाव. ऑर्लांड फ्योर्ड ही सोग्ने फ्योर्डची एक फांदी. फ्योर्डला आपण सवयीने खाडी म्हणतो, पण दाभोळची खाडी डोळ्यांसमोर आणलीत तर फसाल. हिमनद्यांनी डोंगर कोरत नेला आणि त्या खोल घळीत समुद्र शिरला, तो फ्योर्ड. सोग्ने फ्योर्ड २०५ किलोमीटर आत जातो आणि काही ठिकाणी १३०० मीटरहून खोल आहे. अरबी समुद्राने मुंबईला वळसा न घालता थेट नाशिकच्या पुढे घुसावं, तसं काहीतरी.

आधी तारीख, मग वाट

लोक उलटं करतात. आधी बोटीचा फोटो बघून जीव गुंततो आणि नंतर कळतं की आपण जातोय ऑक्टोबरात. बर्गनहून फ्लोमपर्यंतची थेट जलद बोट साधारण मे ते सप्टेंबर एवढीच चालते. रेल्वे, बस आणि जवळच्या गुडव्हांगेन गावाहून फ्लोमला येणारी छोटी बोट मात्र हिवाळ्यातही असते, फक्त फेऱ्या कमी. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं म्हटलं तर निम्मा प्रवास काळोखात. जूनमध्ये याच्या उलट. रात्री अकरालाही आकाश उजळ असतं आणि सासूबाईंना झोप येत नाही.

व्हिसाचं एका वाक्यात: नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो, पण पैसे युरो नाहीत, क्रोन.

चार वाटा

पहिली, रेल्वे. बर्गनहून ओस्लोकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं, साधारण दोन तासांनी मिर्डाल या स्टेशनवर उतरायचं आणि तिथून फ्लोमस्बाना ही वेगळी गाडी धरून तासाभरात फ्लोम. बर्गनच्या स्टेशनातून निघालात की लगेच सुमारे पावणेआठ किलोमीटरचा उलरिकेन बोगदा लागतो, आणि तो संपला की फ्योर्ड उजाडतो. जाताना डावीकडे बसा. वाटेतल्या व्हॉस गावापर्यंत पाणी बहुतेक त्याच बाजूला आहे. व्हॉस समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही आणि मिर्डाल ८६७ मीटरवर, म्हणजे पुढचा सगळा चढ. शेवटी पाच किलोमीटरचा एक बोगदा आणि त्यातून बाहेर पडताच मिर्डाल. बोगद्यात शिरताना हिरवं होतं, बाहेर आलो तर बर्फ. मे महिन्यात हे दर वेळी होतं आणि दर वेळी डब्यात 'आँ!' उमटतो.

फ्लोमस्बानाची लांबी अवघी २० किलोमीटर, पण तेवढ्यात ती ८६७ मीटरवरून जवळपास समुद्राच्या पातळीला येते. आमच्या सासऱ्यांचं बालपण नेरळला गेलं, त्यामुळे त्यांना चढाचे आकडे तोंडपाठ. माथेरानच्या गाडीचा सर्वांत तीव्र चढ २० ला १, इथला १८ ला १. "पण माथेरानची गाडी अडीच फुटांच्या आतली, ही तर मुंबई मेट्रोसारख्या रुंद रुळांवर!" असं ते डब्यातल्या प्रत्येकाला सांगत होते, मराठीत. वाटेत २० बोगदे आहेत आणि त्यातले १८ हातांनी खोदलेले. काम १९२०च्या दशकात सुरू झालं आणि रूळ वापरात यायला १९४० उजाडलं. गंमत म्हणजे अख्ख्या मार्गावर नदी ओलांडायला पूल नाही. गाडीला पुलावर न्यायच्या ऐवजी नदीलाच बोगद्यातून रुळांखालून वळवलं आहे.

मध्ये क्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते आणि सगळे फलाटावर उतरतात. उन्हाळ्यात तिथे संगीत सुरू होतं आणि लाल कपड्यातली एक बाई कड्यावर नाचताना दिसते. ती हुल्द्रा, नॉर्वेच्या लोककथांतली माणसांना भुलवून रानात नेणारी. आपल्या हडळीची देखणी मावसबहीण म्हणा. मला स्वतःला हा प्रकार जरा जत्रेतला वाटतो, मुलांना मात्र आवडतो. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन उतरा. तुषार एवढे येतात की कॅमेऱ्याच्या काचेवर फक्त पाणी.

दुसरी वाट, बस. बर्गनच्या बसस्थानकावरून सुमारे तीन तासांत थेट फ्लोम. स्वस्त, एका तिकिटात काम, सामान पोटात टाकायचं आणि झोपायचं. अडचण एकच: ई-१६ हा महामार्ग गुडव्हांगेननंतर डोंगरात घुसतो. आधी ११ किलोमीटरचा बोगदा, मग लगेच ५ किलोमीटरचा. ज्या टापूसाठी जग इथे येतं, त्याच्या पोटातून तुम्ही पिवळे दिवे मोजत जाता. गाडी भाड्याने घेणाऱ्यांचंही हेच. रस्ता उत्तम, अंतर १७० किलोमीटरच्या आतबाहेर, पण चालवणाऱ्याने फ्योर्ड बघायचा कधी? शिवाय इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, आणि बोगद्यात पहिल्यांदा उजवीकडून जाण्याचा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही. तरीही घ्यायचीच असेल तर भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. टोलनाक्यावर थांबायचं नसतं, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल गाडीवाल्या कंपनीकडून येतं.

तिसरी, थेट बोट. बर्गनच्या मासळीबाजाराजवळच्या धक्क्यावरून सकाळी सुटते आणि साडेपाच तासांनी फ्लोमला लागते. सुरुवातीला किनाऱ्याची खडकाळ बेटं, मग सोग्ने फ्योर्डचं तोंड, मग दोन्ही बाजूंनी हळूहळू उंच होत जाणारे कडे. सुंदर आहे, पण बोट वेगवान आहे आणि बहुतेक वेळ काचेच्या आत बसावं लागतं. तिसऱ्या तासानंतर आमच्याकडचे पाहुणे पत्ते काढतात. खरं सांगायचं तर ही वाट फ्योर्डवेड्यांसाठी.

चौथी वाट म्हणजे तुकडे जोडणं, आणि मी सगळ्यांना हीच सांगते. बर्गन ते व्हॉस रेल्वे, व्हॉस ते गुडव्हांगेन बस, गुडव्हांगेन ते फ्लोम बोट. हेच सगळं एकत्र बांधून 'नॉर्वे इन अ नटशेल' या नावाने विकतात. ते घेतलंत तरी चालेल, पण प्रत्येक तुकडा स्वतंत्रही मिळतो.

यातला बोटीचा तुकडा दोन तासांचा, आणि तोच अख्ख्या सहलीचा गाभा. बोट नॅरॉय फ्योर्डमधून जाते. त्याची सर्वांत अरुंद जागा फक्त २५० मीटर, आणि दोन्हीकडे हजार मीटरहून उंच कडे. २००५ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. इथल्या नव्या बोटी विजेवर चालतात. इंजिनाचा घरघराट नाही, डिझेलचा वास नाही, त्यामुळे वर कुठेतरी बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली तर ती ऐकू येते. बकरी मात्र दिसत नाही. डोळे शोधत राहतात, मग कुणीतरी हाताने दाखवतं आणि चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका हलतो. बोटीच्या बाहेरून नागमोडी उतरण थेट वरच्या डेकपर्यंत नेली आहे, जिने चढावे लागत नाहीत. गुडघेदुखीवाल्या आई-मावशांसाठी ही फार मोठी सोय.

माझा बेत

जाताना चौथी वाट, फ्लोमला एक रात्र, येताना फ्लोमस्बाना आणि मिर्डालहून बर्गन. एकाच रस्त्याने जाऊन-येऊन करू नका. एका दिवसातही हे गोल जमतं, मोठ्या कंपन्या तसंच विकतात, पण मग फ्लोममध्ये मिळतो तासभर, तोही क्रूझ जहाजांच्या गर्दीत. संध्याकाळी जहाजं गेली की गाव अचानक रिकामं होतं. धक्क्यावर बसायचं आणि समोरच्या डोंगरावरची सावली चढताना बघायची. जेवणाचे भाव बघून पोटात गोळा येईल. स्टेशनजवळ किराणा दुकान आहे, तिथून ब्रेड, टोमॅटो आणि इथलं तपकिरी चीज घ्या. चवीला ते खव्यासारखं गोडसर, आमच्या लातूरच्या पाहुण्यांनी त्याला 'विलायती पेढा' नाव दिलं.

खायचं निघालंय तर: युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे. म्हणून तूप, पेढे, श्रीखंडाची वडी घरीच ठेवा. थेपले, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल आणा.

तिकिटं काढताना

एंटूर हे ॲप उतरवून घ्या. देशभरच्या रेल्वे, बस, बोटी एकाच ठिकाणी दिसतात. तिकीट काढण्याचा क्रम मात्र महत्त्वाचा. ज्याच्या फेऱ्या कमी, ते आधी. म्हणजे प्रथम गुडव्हांगेनची बोट, मग फ्लोमस्बाना, मग राहायची जागा, आणि शेवटी बर्गनच्या गाड्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात, पण ती स्वस्त तिकिटं बदलून मिळत नाहीत. युरोपचा रेल्वे पास असेल तर तो बर्गन–मिर्डालला चालतो, फ्लोमस्बानाला नुसती सवलत देतो.

नुसता क्रम पाळून भागत नाही, वेळाही जुळवाव्या लागतात. पहिल्या वर्षी मी तिथेच चुकले. बसची वेळ नीट न बघता बोटीचं तिकीट काढलं, आणि आम्ही गुडव्हांगेनला उतरलो तेव्हा बोट डोळ्यांदेखत धक्का सोडत होती. नवऱ्याचे आई-वडील, दोन बॅगा आणि पुढची बोट येईपर्यंतचा वेळ. सासूबाईंनी बाकावर बसून डब्यातली भाकरवडी काढली आणि म्हणाल्या, "बरं झालं, जरा डोंगर तरी बघू." तेव्हापासून मी दोन वाहनांच्या मध्ये किमान अर्धा तास ठेवते.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, 'बुस फॉर तोग'. म्हणजे गाडीऐवजी बस. रुळांची मोठी दुरुस्ती उन्हाळ्यात निघते आणि मग ठरावीक दिवस रेल्वे बंद, त्याऐवजी बस. मिर्डालला मोटारीचा रस्ताच नाही, त्यामुळे अशा दिवशी मिर्डालवरून जायचा बेत कोलमडतो. तारीख पक्की करण्याआधी ॲपवर तो दिवस उघडून बघा, आणि निघायच्या आदल्या रात्री पुन्हा बघा.

प्रत्यक्ष निघताना

मोठ्या बॅगा बर्गनच्या हॉटेलातच ठेवून एका रात्रीपुरती पाठीवरची पिशवी घ्या. वाहनं चार वेळा बदलावी लागतात. बर्गनमध्ये वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, पण छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. टोपीचं रेनकोट जाकीट हवं. बोटीच्या डेकवर जूनमध्येसुद्धा कानटोपी लागते. "मी नाही घालत असलं काही" म्हणणारे सासरे वीस मिनिटांत सासूबाईंची शाल गुंडाळून उभे होते.

फ्लोमला दुपार हाताशी असेल तर स्टेगास्टाइनला जाणारी बस धरा. फ्योर्डच्या ६५० मीटर वर, कड्यावरून ३० मीटर पुढे काढलेला लाकडी सज्जा आहे, आणि टोकाला कठड्याऐवजी नुसती तिरकी काच. चक्कर येणाऱ्यांनी अलीकडेच थांबावं. पाय धडधाकट असतील आणि बर्फ वितळलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी मिर्डालला गाडीने वर जाऊन २० किलोमीटर चालत किंवा सायकलने उतरता येतं. रेल्वे बांधणाऱ्या मजुरांच्या जुन्या रस्त्याचा तो शेवटचा टप्पा. सुरुवातीची २१ वळणं खडीची आणि तीव्र उताराची आहेत, तिथे सायकल हातात धरा. मग मात्र फ्लोमला आणखी एक मुक्काम करावा लागेल.

नाहीतर सकाळच्या फ्लोमस्बानाने वर या. मिर्डालच्या फलाटावर कॉफी मिळते आणि उन्हाळ्यातही हात खिशात घालावेसे वाटतात. फलाट बदलताना पाटीवर बर्गन लिहिलेलं आहे ना ते बघा, ओस्लोची गाडीही इथेच लागते. आत शिरलात की या वेळी उजवीकडची खिडकी धरा.