पाण्यातल्या व्यायामाच्या कॅलरी मोजताना या चुका टाळा

"सर, टँकमध्ये तासाला किती कॅलरी जळतात?" विचारणाऱ्याने अजून पाण्यात पाऊल टाकलेलं नसतं, पण मोबाइलवर कुठलातरी तक्ता उघडलेला असतो. साताऱ्यात पाण्यातल्या व्यायामाची सकाळची बॅच घेताना त्याच त्या चुका बघून आता खरंच जीव मेटाकुटीला आलाय.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे घड्याळातला तास आणि व्यायामाचा तास एकच धरणं.

आमच्या बॅचला एक वहिनी यायच्या. वजन 68 किलो, उजवा गुडघा दुखरा. त्यांचे यजमान 82 किलोंचे, रोज अजिंक्यतारा चढणारे. घरी चहाला रोज हाच विषय, "माझ्या पाचशे जळाल्या, तुझ्या किती?" वहिनींच्या तक्त्यात आकडा होता 360. त्यात महिनाभरात वजनकाटा अर्धा किलोसुद्धा हलला नव्हता. पाण्यात काही होत नाही म्हणून त्यांनी टँक सोडला आणि त्याही गड चढायला लागल्या. नवव्या दिवशी उतरताना गुडघा धरला, संध्याकाळपर्यंत टम्म सुजला. तीन आठवडे घरात बसावं लागलं.

परत आल्या त्या दिवशी मी स्टॉपवॉच घेऊन काठावर बसलो. वहिनी हलल्या की चालू, थांबल्या की बंद. साठ मिनिटांच्या बॅचमध्ये भरली 24 मिनिटं. बाकी वेळ दांडी धरून उभं राहणं, टोपी सारखी करणं, शेजारणीशी बोलणं. आकडा दाखवला तर म्हणाल्या, "एवढीच? दम तर लागलाय की मला!"

आता हिशोब बघा. व्यायामाचा जोर 'मेट'मध्ये मोजतात. शांत बसलेल्या माणसाचा 1 मेट, म्हणजे किलोमागे तासाला साधारण 1 कॅलरी. पाण्यातलं एरोबिक्स 5.3 मेटच्या आसपास येतं. 68 ला 5.3 ने गुणलं की 360, पण तासभर न थांबता हललं तर! 24 मिनिटांच्या होतात 144. उभं राहण्याच्या थोड्याफार वर धरा.

दुसरी चूक यजमानांची. डोंगर चढणं साधारण 6.3 मेट. 82 किलोंना तासाच्या 517 होतात. तीच चढण वहिनींच्या वजनाला 428. म्हणजे 517 आणि 360 यांच्यातला निम्म्याहून जास्त फरक नुसत्या वजनाचा आहे. शिवाय गड उतरताना चढण्याइतक्या कॅलरी जात नाहीत, हे कोणी धरतच नाही. नवरा-बायकोने आकडे लावून बघूच नयेत. बघायचेच असतील तर किलोमागे बघा. ताशी 8 किलोमीटर पळणं 8.3 मेट, सावकाश फ्रीस्टाइल पोहणं 5.8, योगासनं 2.5. पळणं पुढे आहे, मान्य. पण दुखऱ्या गुडघ्याने रोज कोण पळणार? छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवर अंगाचा जेमतेम एक तृतीयांश भार येतो, म्हणून तर वहिनींना पाण्यात उतरवलं होतं.

माझी सवय साधी आहे. नव्या माणसाचे पहिले दोन आठवडे मी फक्त हलण्याची मिनिटं वहीत लिहितो, कॅलरी नाही. पुष्कळांना हे आवडत नाही. पहिल्याच दिवशी फोमचे डंबेल मागतात, कमरेचा तरंगता पट्टा मागतात. मी देत नाही. आधी 40 मिनिटं सलग हलून दाखवा.

यानंतरची चूक पाण्याखाली होते, म्हणून ती दिसत नाही. हात आडवा, सुरीसारखा पाणी कापत नेला की काहीच अडत नाही. तोच तळहात उभा करून पाणी ढकला, खांदा लगेच सांगेल. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं आणि हाताचा वेग दुप्पट केला की अडथळा चौपट होतो. म्हणजे एकाच रांगेत, एकच हालचाल करणाऱ्या दोघींच्या कॅलरीत दुपटीचा फरक सहज पडतो. तक्त्यात त्यांना एकच आकडा. मी पाण्यात उतरून माझा तळहात समोर धरतो आणि ढकलायला लावतो. माझा हात मागे गेला नाही तर पुन्हा. चालण्याचंही तसंच. कमरेएवढ्या पाण्यात रस्त्याच्या निम्म्या वेगाने चाललात तरी मेहनत तेवढीच पडते, म्हणून "सर, किती हळू चालतोय आम्ही" या तक्रारीत अर्थ नाही.

नाडीचे ठोके जमिनीवरच्या आकड्याशी जुळवू नका. पाण्यात ते मिनिटाला दहाएक कमीच असतात. जोर बघायचा तर चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय का ते बघा.

मनगटावरच्या घड्याळाचा पाण्यातला आकडा मी वहीत घेत नाही.

घाम दिसत नाही म्हणून पाणी न पिणं, ही निव्वळ हयगय. बाटली काठावर ठेवा.

आणि थंडीतली भूक. डिसेंबरात टँकचं पाणी गार असतं. गार पाण्यातून निघालं की भूक खवळते, जमिनीवरच्या व्यायामानंतर लागते त्याहून जास्त. पोरं ओल्या केसांनी थेट वडापावच्या गाडीवर जातात, मोठी माणसं कंदी पेढ्याच्या दुकानात. 144 कॅलरींची सकाळ दोन पेढ्यांत गेली म्हणून समजा, आणि मग काटा हलत नाही याचा दोष टँकला. माझ्या पिशवीत दोन उकडलेली अंडी आणि मूठभर शेंगदाणे असतात. कपडे बदलले की तिथेच बाकावर बसून खातो, मग बाहेर पडतो. वहिनी आता डब्यात मटकीची उसळ आणतात. त्यांच्या वहीत गेल्या सोमवारचा आकडा आहे 43 मिनिटं.