जुन्या घराची लाकडी पट्टी हुबेहूब बनवताना या चुका टाळा

जुन्या दार-खिडकीच्या चौकटीभोवतीची एखादी घडीव पट्टी कुजते, कुणीतरी तिचा तुकडा घेऊन येतं आणि "अगदी अशीच करून द्या" म्हणतं. काम अवघड नाही. पण त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून आता कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय. चांगलं लाकूड यात फार वाया जातं, आणि त्याचा मला खरंच त्रास होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगासकट माप घेणं. जुन्या पट्टीवर रंगाचे कितीतरी हात चढलेले असतात. रंग आतल्या कोपऱ्यात साचतो आणि बाहेरच्या धारा बोथट करतो. गोल्याच्या, म्हणजे पट्टीवरच्या गोल उठावाच्या, बाजूला असलेली २-३ मिमीची बारीक पायरी तर पार बुजून जाते. त्यावर प्रोफाइल गेज, म्हणजे सरकत्या सळ्यांनी आकार टिपणारं साधन, टेकवलं की त्याच्या सळ्या रंगाचा आकार टिपतात, लाकडाचा नाही.

एका घराचं काम अर्ध्यातून माझ्याकडे आलं होतं. आधीच्या कारागिराने असंच रंगावरून माप घेतलं, त्याप्रमाणे आकार काढणारं कटर घडवून घेतलं आणि सगळ्या खोल्यांच्या पट्ट्या उत्तम सागवानात काढून ठेवल्या. नंतर घरच्यांनी जुन्या चौकटींचा रंग काढून पॉलिश करायचं ठरवलं. रंग उतरला तशी गोल्याच्या दोन्ही बाजूंना करकरीत पायरी दिसायला लागली. खिडकीतून तिरपा उजेड आला की जुन्या पट्टीवर सावलीच्या दोन काळ्या रेघा उमटायच्या, शेजारच्या नव्या पट्टीवर नुसता गुळगुळीत उतार. "लांबूनसुद्धा कळतंय हो," घरच्या बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्या पट्ट्यांवर पुन्हा पायरी काढायला जाडी शिल्लक नव्हती. सगळ्या बाद झाल्या.

माझी सवय सांगतो. कपाटामागे, माळ्यावर, कुठेतरी नजरेआडची पट्टी असतेच. तिचा बारीक दात्याच्या करवतीने, गुण्यात (काटकोनात) धरून, पातळ काप घ्यायचा. रंग साफ करायचा, काप स्कॅनरवर ठेवायचा, शेजारी स्टीलची मोजपट्टी ठेवायची आणि मूळ मापात छापून घ्यायचं. कापायला काहीच मिळत नसेल तर वीतभर जागा लाकडापर्यंत खरवडा आणि मगच गेज लावा. दोन-तीन खोल्यांत तपासाही. हाताच्या रंध्याने काढलेल्या पट्ट्या खोलीगणिक मिलिमीटर-दीड मिलिमीटरने बदलतात.

खरवडताना एक गोष्ट अजिबात विसरू नका. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. कोरडा सँडपेपर मारू नका, हीट गन फार तापवू नका. पृष्ठभाग ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, बारीक धूळ अडवणारा मास्क लावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे "जवळपास बसतंय" म्हणून राउटरचं (लाकडात आकार काढणाऱ्या मशीनचं) तयार बिट, म्हणजे फिरतं पातं, वापरणं. बाजारातल्या बहुतेक बिटांची वळणं वर्तुळाच्या कंसाची असतात. जुन्या पट्ट्यांत लंबवर्तुळाची वळणंही भरपूर सापडतात. फरक मापात जेमतेम मिलिमीटरचा असतो, पण सावली वेगळी पडते. एक-दोन पट्ट्याच हव्या असतील तर मी जुन्या करवतीच्या पात्यात कानशीने आकार घासतो, ते लाकडी धरणीत अडकवतो आणि पट्टीवरून ओढत आकार काढतो. वेळ जातो, पण आकार तंतोतंत येतो. जास्त लांबी हवी असेल तर कटर घासून घ्या.

दुसरी चूक घाईची. फळी आणली, त्याच दिवशी चिरली, राउटरवर घातली, संध्याकाळी ठोकली. चिरल्यावर लाकडातला ताण सुटतो आणि सरळ दिसणारी पट्टी बाक धरते. म्हणून आधी जाडीला ४-५ मिमी जादा ठेवून चिरा, मधे काड्या घालून त्याच घरात काही दिवस ठेवा, मग शेवटचं माप काढा. नव्या लाकडातला ओलावा घरातल्या जुन्या लाकडाच्या जवळ आला का, हे मॉइश्चर मीटरने बघा. दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे ओल्या पट्टीचा ४५ अंशाचा सांधा सुकल्यावर आतल्या बाजूने उघडतो, आणि मग त्यात पुट्टी भरत बसावं लागतं. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी हे काम हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

अरुंद पट्टी सुटी धरून राउटरवर घालू नका. रुंद फळीच्या कडेला आकार काढा आणि मग पट्टी चिरून वेगळी करा. बोटं वाचतात.

राउटरच्या एकाच फेरीत आकार पूर्ण खोल काढू नका. शेवटची फेरी अर्ध्या मिलिमीटरची ठेवली तर लाकडाचे तंतू उपटत नाहीत.

५० मिमीच्या वरचं बिट पूर्ण वेगाने फिरवू नका. मिनिटाला १०-१२ हजार फेरे पुरेत, बिटावर त्याहून कमी मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळा.

जुन्या घराचे कोपरे ९० अंशांत असतील असं धरून चालू नका. कोन मोजा आणि निम्मा करा. आतल्या कोपऱ्यात तर मी ४५चा काप देतच नाही. एक पट्टी भिंतीपर्यंत नेतो आणि दुसरीचं टोक पहिलीच्या आकारात कोपिंग सॉने (वळणं कापायच्या बारीक पात्याच्या करवतीने) कोरून तिच्यावर बसवतो.

पट्टीच्या पाठीला मधोमध मिलिमीटरभर खोलगट भाग काढा, म्हणजे उंचसखल भिंतीवरही दोन्ही कडा टेकतात. पाठीला प्रायमर किंवा पॉलिशचा एक हात ठोकण्याआधीच द्या.

जुनी पट्टी काढली की तिच्यातले खिळे ठोकून पुढच्या बाजूने बाहेर काढू नका, दर्शनी बाजूचं लाकूड फुटतं. पाठीमागून पकडीने ओढा.

गरजेपेक्षा पाचवा हिस्सा जास्त पट्टी एकाच वेळी काढा. मशीनची मांडणी एकदा मोडली की पुन्हा तशीच जुळत नाही.

आणि पॉलिशचा रंग पट्टी भिंतीवर लावून मग जुळवायला जाऊ नका. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर स्टेनपासून (लाकडाला रंगछटा देणाऱ्या द्रवापासून) शेवटच्या हातापर्यंत सगळं करा, वाळू द्या, जुन्या पट्टीला टेकवा आणि दिवसाच्या उजेडात, मग रात्री दिव्याखाली बघा. दोन्ही वेळी जुळलं तरच पट्टीला ब्रश लावा.