गावठी गुलाबाचं कलम: जुनं झाड हातचं जाण्याआधी

‘गावठी गुलाब’ या एका नावाखाली आपल्याकडे निदान तीन वेगळी झाडं नांदतात. कोणतं झाड आपल्यासमोर आहे हे आधी ओळखावं, कारण छाटणी आणि कलम दोन्ही त्यावर ठरतं.

पहिला एडवर्ड. फूल गडद गुलाबी, भरगच्च, वास दुरून येणारा, फांद्या लांब आणि जोमदार. हा बूर्बाँ कुळातला. हिंदी महासागरातल्या, आज रियुनियन म्हणतात त्या बेटावर दमास्क आणि चायना यांच्या संकरातून हे कूळ झालं, आणि बेटाच्या जुन्या नावावरून त्याचं नाव पडलं. दुसरा चायना गुलाब. काड्या बारीक, काटे कमी, कोवळी पानं तांबूस, वास हलका, पण फुलं जवळजवळ बारा महिने. याची फिकट गुलाबी पाकळी उन्हात फिकी न पडता आणखी गडद होते, ही हमखास खूण. तिसरा दमास्क, कनौजच्या अत्तराचा. फांदीवर लहान-मोठ्या काट्यांची दाटी, पान राखट हिरवं आणि मऊ, बहर वसंतात एकदाच. दमास्कला थंडी लागते. कोकणात तो वाढतो, पण फुलायला कंटाळतो. किनारपट्टीवर एडवर्ड किंवा चायनाच लावावा.

बी पेरून यातलं एकही झाड जसंच्या तसं मिळत नाही, कारण गुलाबाच्या प्रत्येक बियातून वेगळं रोप निघतं. म्हणून कलम हाच मार्ग, आणि तेही शक्यतो स्वतःच्या मुळावरचं. नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा दुसऱ्या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या झाडावर, हव्या त्या जातीचा डोळा (फुटीचा कोंब) भरून केलेला असतो. वरची जात मेली की खालून खुंट फुटतो आणि मालकाला वाटतं, गुलाब ‘बदलला’. आपल्याकडे एडवर्डही खुंट म्हणून वापरतात. तेव्हा हायब्रीड मेल्यावर बुडातून सुवासिक गुलाबी फूल आलं, तर ते उपटण्याआधी नीट पाहावं. डोळा भरण्यात आणखी एक धोका आहे: खुंटात मोझॅक विषाणू असला तर तो नव्या झाडात उतरतो. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा दिसल्या तर त्या झाडाची काडी घेऊ नये.

छाट कलम

जुलै-ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारी हे दिवस निवडावेत. नुकतंच फूल गळलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यावी. ती तयार आहे का हे काट्यावरून कळतं: काटा आडवा दाबल्यावर साल न सोलता टचकन तुटला की फांदी पक्व. कोवळी फांदी कुजते, फार जून झालेली मुळं धरत नाही.

काडी १५ ते २० सेंटिमीटरची, चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या १ सेंटिमीटर वर. वरचं एक पान, तेही अर्धं कापून, ठेवावं, बाकीची काढावीत. खालचं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत (आयबीए) बुडवून झटकावं. जाड थर लागला तर टोक काळं पडतं. निम्मी जाड वाळू आणि निम्मा कोकोपीट यांत आधी काठीने भोक पाडून, दोन डोळे आत जातील इतकी काडी खोवावी. नुसती दाबून घुसवली तर पावडर वरच्या वर पुसली जाते. पाणी देऊन वर पारदर्शक पिशवी बांधावी आणि कुंडी उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवावी.

सर्वांत जास्त काड्या मरतात त्या तिसऱ्या आठवड्यात, घाईमुळे. काडीत साठलेल्या अन्नावर पानं फुटतात. तोवर मुळं नसतात. पान दिसलं म्हणून काडी उपटून पाहिली किंवा हलवली तर ती गेली. मुळांना चार ते सहा आठवडे लागतात. कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं, की पिशवीला आधी भोकं पाडावीत आणि आठवड्याभराने ती काढावी. काडी खालून काळी पडत वर आली तर पाणी जास्त झालं किंवा वाळू बारीक होती. दहातल्या तीन-चार काड्या लागल्या तरी काम झालं, म्हणून नेहमी जास्तच लावाव्यात.

लांबून काडी आणायची असेल तर ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत ठेवावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लावावी. जुना वाडा, देवळाची बाग, दफनभूमी, कुठूनही घ्यायची तर विचारून, आणि फक्त काडी. झाड उपटून आणू नये. मोठं झालेलं जुनं झाड मूळ तुटल्यावर बहुधा जगत नाही, आणि तिथलं झाडही जातं.

दमास्क छाट कलमाला दाद देत नसेल तर दाब कलम करावं. जूनमध्ये खालची फांदी वाकवून डोळ्याखाली ३-४ सेंटिमीटर लांबीची उभी चीर द्यावी, ती मिटू नये म्हणून आत काडेपेटीची काडी ठेवावी, तो भाग १० सेंटिमीटर मातीत पुरून वर वीट ठेवावी. पावसाळा सरताना मूळ झाडाकडची फांदी आधी अर्धी कापावी आणि पंधरा दिवसांनी पूर्ण तोडावी. एकदम तोडलेलं कलम बऱ्याचदा माना टाकतं.

लावणी आणि छाटणी

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. त्यात माती, ५ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड. खत अर्धवट कुजलेलं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी सोबत येते. काळ्या मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू घालावी आणि वाफा वीतभर उंच करावा. साचलेलं पाणी मुळं गुदमरवतं. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडतंय असं समजावं: चिलेटेड लोह १ ग्रॅम प्रति लिटर फवारावं. कुंडी निदान १४ इंची हवी. जिथे आधी गुलाब होता त्याच जागी नवा लावायचा तर खड्ड्यातली माती पूर्ण बदलावी, नाहीतर रोप खुरटतं.

पावसाळ्यानंतर सगळे गुलाब गुडघ्याइतके छाटायचे, हा सल्ला हायब्रीडसाठी ठीक आहे. जुन्या गुलाबांचं त्याने नुकसानच होतं. चायनाला फक्त वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढाव्यात. मोठा घाव त्याला सोसत नाही. एडवर्डची ऑक्टोबरअखेर एक तृतीयांश लांबी काढावी आणि चार वर्षांहून जुनी एखादी फांदी बुडातून. त्याच्या लांब फांद्या छाटण्यापेक्षा वाकवून आडव्या बांधल्या तर जास्त लाभ होतो: उभ्या फांदीत शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, आडवी केली की फांदीभर फूट येते आणि प्रत्येक फुटीला फूल. कुंपणाला किंवा मातीतल्या खुंट्यांना सुतळीने बांधावं.

गुलाब सर्वांत जास्त जातात ते टोकाकडून वाळत येणाऱ्या रोगाने. छाटलेल्या तोंडातून बुरशी शिरते आणि फांदी तपकिरी-काळी पडत खाली येते. गाभा स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत कापावं, कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसावी आणि कापावर बोर्डोपेस्ट लावावी: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगळे भिजवून मग एकत्र. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. खोडावर पांढरट-तांबूस खवले (चिकटून रस शोषणारी खवलेकीड) दिसले तर जुन्या ब्रशने साबणपाण्यात घासून काढावेत, कारण खवल्यांनी अशक्त झालेली फांदी लवकर वाळते.

पाकळ्या गुलकंदाला हव्या असतील तर त्या झाडावर रासायनिक फवारणी अजिबात नको.

प्रत्येक झाडाची वही ठेवावी: काडी कुठून, कधी आणली, फुलण्याचे महिने, वास, काटे, फळाचा आकार. जात नक्की नसेल तर जागेचं नाव द्यावं, अंदाजाने एखादं प्रसिद्ध नाव चिकटवू नये. चुकीचं नाव एकदा कलमांबरोबर पसरलं की मागे घेता येत नाही. पाटीवरची मार्करची शाई उन्हाने वर्षभरात उडते, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने नाव कोरून तारेने सैल बांधावं. आणि प्रत्येक जातीची निदान तीन झाडं हवीत, त्यातलं एक दुसऱ्याच्या अंगणात.