तुळस सारखी वाळतेय? आधी हे बघा

तुळस टिकतच नाही म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेकदा भक्ती जास्त झालेली असते, म्हणजे सकाळी आई पाणी घालते, मग आजी तांब्याभर ओतते, वर हळदकुंकू, अक्षता, कधी दूधसुद्धा, मग मातीचा चिखल होऊन मुळं कुजणारच ना.

कुंडी 10-12 इंचाची घ्या, खाली भोक हवंच, मातीत थोडी वाळू आणि शेणखत मिसळा, 5-6 तास ऊन मिळेल अशी जागा बघा. वरची माती कोरडी लागली तरच पाणी, आणि रोज घालायचंच असेल तर पळीभर पुरे. हळदकुंकू मातीत नको, कुंडीला बाहेरून लावा. दिवा पानांपासून लांब ठेवा, आमची एक फांदी अशीच करपली होती!

मंजिऱ्या आल्या की खुडत राहा, नाहीतर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि पानं कमी येतात. खुडलेल्या विठोबाला किंवा बाळकृष्णाला वाहायच्या, थोड्या वाळवून पेरायला ठेवा.

एकादशी, द्वादशी आणि रविवारी तुळस तोडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच सकाळी काढून ठेवा, तुळस शिळी धरत नाहीत त्यामुळे चालतं. नैवेद्यावर एक पान ठेवलं की झालं, ढीग नको. गणपतीला मात्र एरवी तुळस वाहत नाहीत, फक्त भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला चालते.

आणि तुळशीचं लग्न द्वादशीलाच जमलं नाही तर टेन्शन घेऊ नका, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं.