म्युझिक स्कूलचं उत्तर आलं, स्कॉलरशिपही मिळाली. आता या चुका टाळा

अमेरिकेतल्या म्युझिक स्कूलचे बरेचसे निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात आणि पदवी अभ्यासक्रमाला होकार कळवायची नेहमीची शेवटची तारीख असते १ मे. हातात जेमतेम चार आठवडे उरतात. त्यात आपल्याकडे १ एप्रिलला बँकांचं वर्षअखेरचं काम, मग १४ एप्रिलची सुट्टी, आणि नेमका मुदतीच्या दिवशीच महाराष्ट्र दिन! पदव्युत्तर शिक्षणासाठी असिस्टंटशिप (विद्यापीठात शिकवण्या-मदतीच्या कामाच्या बदल्यात मिळणारी फीमाफी किंवा मानधन) मिळाली असेल, तर उत्तर बहुतेक ठिकाणी १५ एप्रिललाच द्यावं लागतं. ठाण्या-नवी मुंबईतली अनेक घरं ऑडिशनसाठी वर्षभर राबतात आणि शेवटी या आठवड्यांत चुकतात.

अर्ध्या होकारावर पेढे वाटणं

म्युझिक स्कूल विद्यापीठाचा भाग असेल तर निर्णय दोन असतात. एक ऑडिशनचा, दुसरा मार्कांचा. प्राध्यापकांनी कौतुकाचा मेल पाठवला तरी विद्यापीठाचं पत्र येईपर्यंत प्रवेश झाला असं धरू नका. स्कॉलरशिपचं पत्र कधी सोबत येतं, कधी मागून, आणि कित्येकदा पोर्टलच्या वेगळ्याच पानावर पडून असतं. दहा दिवसांत काही दिसलं नाही, तर अ‍ॅडमिशन ऑफिसला एक सरळ मेल टाका. मेल विद्यार्थ्याने स्वतःच्या पत्त्यावरून पाठवावा, बाबांच्या नव्हे.

वेटलिस्टचा नंबर विचारून फारसा उपयोग नसतो. यादी वाद्यागणिक हलते. यंदा दोन व्हायोलावाले पास होऊन गेले तर व्हायोलाच्या जागा उघडतात, गिटारच्या नाही. आपल्याकडची मुलं बहुतेक गायन, गिटार, पियानो आणि ड्रम्सला अर्ज करतात. तिथे रांगही मोठी असते आणि पैसाही अनेकांत वाटला जातो. तेव्हा ‘मला अजूनही यायचं आहे’ असं सांगणारा एक मेल आणि त्यासोबत ऑडिशननंतरचं एखादं नवं रेकॉर्डिंग, एवढं पुरे. दर आठवड्याला फोन केल्याने नंबर लागत नाही.

टक्के बघून हुरळणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. एक काल्पनिक हिशेब पाहा. पहिल्या कॉलेजची ट्यूशन ५०,००० डॉलर, स्कॉलरशिप २५,०००, म्हणजे निम्मी फी माफ. पण शहर महाग, राहणं-खाणं-विमा मिळून २४,०००. दुसऱ्या कॉलेजची ट्यूशन ३४,०००, स्कॉलरशिप फक्त ६,०००, राहण्याचा खर्च १४,०००. पहिल्याला वर्षाला ४९,००० लागतात, दुसऱ्याला ४२,०००. नातेवाइकांना सांगायला ‘पन्नास टक्के’ छान वाटतं, पण खिसा दुसरीकडे वाचतो.

एवढ्यावर थांबू नका. ट्यूशन दरवर्षी वाढते, स्कॉलरशिपची रक्कम मात्र सहसा तेवढीच राहते. ५०,०००ची ट्यूशन वर्षाला ४ टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी ती ५६,२४३ होते आणि तुमचा वाटा २५,०००वरून ३१,२४३वर जातो. चार वर्षांत १२,३२३ डॉलर जास्त. रुपया घसरला तर तो फटका वेगळा. म्हणून तुलना चारही वर्षांच्या एकूण खर्चाची करा, आणि पत्रात चार गोष्टी शोधा: स्कॉलरशिप दरवर्षी चालू राहते की फक्त पहिल्या वर्षापुरती आहे, किमान जीपीए (गुणांची सरासरी) किती हवा, कोणत्या एन्सेम्बलमध्ये (कॉलेजच्या वाद्यवृंदात) वाजवणं बंधनकारक आहे, आणि मेजर (मुख्य विषय) बदलला तर पैसे थांबतात का. पत्रात यांपैकी काही नसेल तर मेलवर लेखी विचारून घ्या. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायचा विचार असेल तर तेही आत्ताच विचारा, कारण स्कॉलरशिप पुढे सरकेलच असं नसतं.

आणखी एक खाच. एफ-१ व्हिसावरच्या (अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा) विद्यार्थ्याला ट्यूशनसाठी मिळालेल्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत कर नसतो, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या रकमेतून सहसा १४ टक्के कर कापला जातो. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये १९२८पासून निवड झालेल्या प्रत्येकाला ट्यूशन माफ आहे. तिथेसुद्धा घरभाड्याचा विचार करावाच लागतो. इकडे जे. एन. टाटा एन्डॉवमेंटच्या ‘लोन स्कॉलरशिप’मध्ये शब्द स्कॉलरशिप असला तरी ते परतफेडीचं कर्ज आहे; हिशेबात ते कर्जाच्याच रकान्यात लिहा.

न मागणं, किंवा भाजीबाजारासारखं मागणं

रक्कम वाढवून मागता येते. सगळीकडे वाढतेच असं नाही, पण विचारल्याने प्रवेश जात नाही. वेळ एप्रिलचा पहिला पंधरवडा, आणि काहीही झालं तरी डिपॉझिट (जागा पक्की करायची रक्कम) भरण्याआधी. मेल अर्ध्या पानाचा ठेवा: तुमचं कॉलेज पहिली पसंती आहे, दुसरीकडून एवढी ऑफर आहे (पत्र जोडा), आमच्याकडून वर्षाला एवढे कमी पडतात. नेमका आकडा लिहा. ज्या प्राध्यापकांकडे शिकायचं आहे त्यांनाही कळवा; त्यांचा शब्द आत चालतो. नसलेली ऑफर दाखवू नका.

‘गिग करून खर्च निघेल’

नवरात्रात इकडच्या ऑर्केस्ट्रात वाजवून चांगले पैसे मिळतात, म्हणून तिकडचाही हिशेब तसाच धरला जातो. एफ-१वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, तेही कॅम्पसवर. पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर नोकरी नाही, आणि बारमधला पैसे घेऊन केलेला कार्यक्रमही परवानगीशिवाय केला तर व्हिसाचं उल्लंघन. ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा तर व्यावसायिक कलाकार म्हणून काम करायलाच मनाई करतो. सूट असते ती अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या कामाला. त्याच व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. मध्ये एक दिवस जरी कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

शेवटच्या आठवड्यात बँक गाठणं

बॉस्टन-न्यूयॉर्कच्या १ मेचे रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे २ मेची सकाळ ९:२९. त्या भरवशावर राहू नका. बँकेतून गेलेली डिपॉझिटची रक्कम पोहोचायला दोन ते पाच कामाचे दिवस लागू शकतात, म्हणून २२-२३ एप्रिलच्या आत पाठवा. पॅन, ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज) आणि ऑफर लेटर सोबत ठेवा. कार्डाने भरणार असाल तर परदेशी व्यवहार आधी चालू करून मर्यादा वाढवून घ्या. आर्थिक वर्षात १० लाखांपुढे पाठवलेल्या पैशावर टीसीएस (बँक आधीच घेते तो कर) कापला जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर नाही. कापलेली रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करता येते.

कर्जाची फाइल मात्र निकालाआधी, फेब्रुवारीतच उघडा. सरकारी बँकांत साडेसात लाखांपुढे सहसा तारण लागतं. नामांकित संस्थांना सूट असते, पण त्या याद्यांत म्युझिक कॉलेज क्वचित सापडतं. मग घर तारण ठेवायचं ठरतं, आणि तिथेच गाडी अडते: नौपाड्यातल्या जुन्या इमारतीची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) सापडत नाही, सोसायटीची एनओसी कमिटीच्या मीटिंगपर्यंत लटकते, वाशी-नेरूळला जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे गहाण ठेवायला सिडकोची परवानगी हवी. यात आठवडे जातात.

दोन कॉलेजांत डिपॉझिट भरून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कळलं तर दोन्हीकडचा प्रवेश रद्द होऊ शकतो. एका ठिकाणी पैसे भरल्याची पावती आली की त्याच दिवशी बाकीच्यांना पोर्टलवरून नकार कळवा.