पीएस३ च्या सिस्कॉनला सिरियल जोडताय? आधी या चुका टाळा

पीएस३ (प्लेस्टेशन ३) चालू केला की हिरवा दिवा, क्षणभर पिवळा आणि मग लाल लुकलुकत बसतो, तेव्हा आत नेमकं काय गेलंय हे कन्सोलने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं, पॉवर आणि स्टार्टअप सांभाळणाऱ्या सिस्कॉन (सिस्टम कंट्रोलर) नावाच्या चिपच्या एरर लॉगमध्ये. तो वाचायला एक यूएसबी टू टीटीएल मॉड्यूल (कॉम्प्युटरच्या यूएसबीला चिपच्या सिरियल लाइनशी जोडणारा छोटा बोर्ड) आणि तीन वायरी पुरतात. पण स्क्रीनवर काही आलं नाही की लोक "सिस्कॉन उडाली" म्हणून बोर्ड स्क्रॅपमध्ये टाकतात, ते बघवत नाही, कारण बऱ्याचदा चिप ठणठणीत असते आणि घोळ आपल्या बाजूला असतो.

म्हणून कन्सोलला हात लावायच्या आधी मॉड्यूल तपासा. त्याचा टीएक्स (पाठवायची पिन) आणि आरएक्स (घ्यायची पिन) एका जंपर वायरने एकमेकांना जोडा, कॉम्प्युटरवर सिरियल टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडा, लोकल इको (टाइप केलेलं स्वतःच स्क्रीनवर दाखवणं) बंद, फ्लो कंट्रोल पण बंद, आणि काहीतरी टाइप करा. अक्षरं परत दिसली की वायर काढून पुन्हा टाइप करा, आता काहीच दिसायला नको, दिसलं तर इको चालूच राहिलाय आणि पहिली टेस्ट फुकट गेली. मुळात अक्षरं आलीच नाहीत तर केबल फक्त चार्जिंगची असेल, नाहीतर दुसरा एखादा प्रोग्रॅम पोर्ट धरून बसलेला असेल, लिनक्सवर असाल तर यूजर डायलआउट ग्रुपमध्ये आहे का ते बघा.

मग व्होल्टेज, इथे चुकलात तर चिप खरंच जाईल. सिस्कॉनला ३.३ व्होल्टच चालतात. एफटी२३२ चिपच्या बऱ्याच मॉड्यूलवर ३.३ आणि ५ चा जंपर असतो, पण नुसत्या जंपरवर विश्वास नको, मीटरची काळी प्रोब ग्राउंडला आणि लाल टीएक्सला लावा, काही पाठवत नसताना तिथे साधारण ३.३ दिसायला हवेत. ५ दिसले तर ते मॉड्यूल या कामाला नको. आणि जुन्या पीसीच्या मागचा नऊ पिनांचा पोर्ट तर अजिबात नको, तो आरएस-२३२ आहे, तिथे प्लस-मायनस ३ ते १५ व्होल्ट खेळतात. मॉड्यूलची व्हीसीसी पिन मोकळी सोडा, पॉवर कन्सोलची स्वतःची आहे.

टीएक्स आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला जातो हे आता सगळ्यांना माहितीये, ग्राउंड मात्र विसरतात. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीये, स्क्रीनवर नुसता कचरा येत होता आणि मी बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) बदलत बसलो होतो. शेवटी चिमट्याने ग्राउंडची वायर हलवली तर सोल्डरच्या गोळीसकट निघून आली. वरून चकचकीत दिसत होती, पण ग्राउंडला तांबं भरपूर असतं, ते उष्णता ओढून घेतं, त्यामुळे सोल्डर खाली धरलंच नव्हतं. तिथे फ्लक्स लावा आणि जाड टिप वापरा. टीएक्स-आरएक्सचे पॅड मात्र एवढेसे असतात, तिथे बारीक वायर घ्या आणि सोल्डर केल्या केल्या ती कॅप्टॉन टेपने (उष्णता सहन करणारी टेप) बोर्डला चिकटवा, नाहीतर केबलला जरासा धक्का लागला तरी पॅड उखडतो.

ग्राउंड पक्का असूनही कचराच येत असेल तर मग बॉड रेट बघा. सिस्कॉन चिपवर काय छापलंय ते वाचा: सीएक्सआर असेल तर ५७६००, एसडब्ल्यू असेल तर ११५२००. सीएक्सआरला नेहमीच्या एक्स्टर्नल मोडमधून इंटरनल मोडमध्ये नेलं की ती पण ११५२०० वर बोलते, इथे भलेभले अडकतात, कारण सकाळी चाललेली सेटिंग संध्याकाळी चालत नाही.

कचरा पण नाही, एकदम शांतता? मग आधी स्टँडबायचा लाल दिवा लागलाय का बघा, पॉवरच नसेल तर सिस्कॉन बोलणार कशी. आणि बंद कन्सोलला मॉड्यूल जोडून ठेवू नका, टीएक्समधून करंट मेलेल्या चिपमध्ये घुसतो. शांततेचं दुसरं कारण म्हणजे साध्या टर्मिनलमध्ये हाताने कमांड टाइप करून उत्तराची वाट बघणं. एक्स्टर्नल मोडमध्ये प्रत्येक कमांडला चेकसम (कमांड बरोबर पोचली का ते तपासायचा आकडा) लागतो, त्यासाठी पायथनची स्क्रिप्ट आहे, तिला चिपचा प्रकार बरोबर सांगा आणि पहिली कमांड ऑथची (ओळख पटवायची) द्या.

लॉग आला की आधी फाइलमध्ये सेव्ह करा, क्लिअर नंतर. ए०८०१००२ हा एरर कोड असेल तर आरएसएक्सच्या (ग्राफिक्स चिपच्या) पॉवर लाइनवरचे कपॅसिटर बघा, कोडच्या शेवटी १००१ असेल तर सेलच्या (मुख्य प्रोसेसरच्या) बाजूचे, आणि हे तपासून होईपर्यंत हीट गन बाजूलाच ठेवा.